‘नेहमीचे प्रयोग’ म्हणजे नेमके कोणते प्रयोग?

रासायनिक प्रक्रियेच्या पेटंटवर अपील उभे राहिले की वाद बहुतेक वेळा दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. पेटंटला विरोध करणारा म्हणतो, हे तर नेहमीचे प्रयोग. तापमान थोडे वर-खाली करत कोणीही इथे पोचला असता. पेटंट मागणारा म्हणतो, रसायनशास्त्राचा काही नेम नसतो. काय घडेल हे आधी सांगताच येत नाही, म्हणून हे उघड असूच शकत नाही. मग दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे जुने निकाल काढतात आणि त्या ठरावीक अभिक्रियेत, त्या ठरावीक वर्षी, जाणकाराला काय ठाऊक होते हा खरा प्रश्न तसाच पडून राहतो. मला हे दोन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात. ज्याला ‘हे नेहमीचेच होते’ असे म्हणायचे आहे त्याने तीन गोष्टी अर्जाच्या तारखेआधीच्या कागदांतून दाखवून द्याव्यात: कोणता घटक बदलायचा, कोणत्या दिशेने बदलायचा, आणि बदलल्यावर काम होईल ही अपेक्षा कशाच्या बळावर धरायची. या तिन्ही दाखवल्या गेल्या, तर अर्जदाराने रसायनशास्त्राच्या लहरीपणाची ढाल खाली ठेवावी.

अमेरिकी कायद्यातले कलम १०३ वाचायला सोपे आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तुमचा शोध वेगळा असेल, पण तो फरक त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला उघड वाटला असता, तर पेटंट मिळत नाही. १९६६च्या ग्रॅहॅम खटल्याने त्याची तपासणी कशी करायची हे सांगितले: आधी काय ठाऊक होते, फरक किती, जाणकाराची पातळी काय, आणि इतरांचे अपयश किंवा बाजारातले यश यांसारखे बाहेरचे पुरावे काय सांगतात. यंत्राच्या बाबतीत हे जमून जाते, कारण फरक डोळ्यांना दिसतो. रासायनिक प्रक्रियेत मात्र फरक बहुधा क्रियापदांत आणि आकड्यांत असतो. तोच कच्चा माल, तोच पदार्थ, मधल्या रकान्यात १०० अंशांऐवजी ६० अंश. असा फरक क्षुल्लक आहे की मोठा, हे त्या आकड्याकडे नुसते पाहून कसे कळणार?

विरोधकांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे आणि ती आधी नीट मांडली पाहिजे. ‘ॲलर’ हा १९५५चा निकाल घ्या. क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड सल्फ्युरिक आम्लाने फोडून फिनॉल आणि ॲसिटोन मिळवायची ही प्रक्रिया. हॉक आणि लांग या जर्मन रसायनज्ञांनी ती १९४४ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्यांचा प्रयोग १०० अंशांवर आणि १० टक्के आम्लात झाला होता. अर्जदारांनी मागितले ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के आम्ल. त्यांचा उतारा चांगला होता, वेळही कमी लागत होता. तरी न्यायालयाने पेटंट नाकारले: प्रक्रियेची सर्वसाधारण रूपरेषा ठाऊक असताना सर्वांत सोयीचा पट्टा नेहमीच्या प्रयोगांनी शोधणे हा शोध नव्हे. मला हा निकाल बरोबर वाटतो. आम्लाने होणाऱ्या अभिक्रियेत आम्लाचे प्रमाण आणि तापमान ही दोन चाके पहिल्या आठवड्यात फिरवून पाहिली जातात. ती फिरवायला कोणाच्याही प्रतिभेची गरज नव्हती, आणि ती फिरवणाऱ्याला सतरा वर्षे मक्तेदारी द्यायला समाजाकडे काही कारणही नव्हते.

२०१८चा ड्युपाँट विरुद्ध सिन्व्हिना हा निकाल याच जातीचा. एचएमएफ या शर्करेपासून मिळणाऱ्या संयुगाचे ऑक्सिडीकरण करून एफडीसीए हे आम्ल बनवायचे. त्यापासून बाटल्यांसाठी नव्या जातीचे पॉलिएस्टर करता येते. पेटंटात कोबाल्ट आणि मँगनीजचा उत्प्रेरक, ब्रोमीन, ॲसेटिक आम्लाचे द्रावक, १४० ते २०० अंश तापमान आणि ऑक्सिजनचा १ ते १० बार आंशिक दाब असा पट्टा होता. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळाने पेटंट टिकवले. पेटंटांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय उलटवला. उत्प्रेरकाची ही त्रिकूट-रचना झायलीनपासून टेरेफ्थॅलिक आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांत कित्येक दशके चालत आलेली होती, एचएमएफवर ती वापरून झालेली होती, आणि आधीच्या कागदांतले तापमानाचे पट्टे पेटंटातल्या पट्ट्यावर चक्क चढत होते. पट्टे एकमेकांवर चढले की आता सांगायची पाळी अर्जदाराची येते: तुमच्या पट्ट्यात काही अनपेक्षित घडते का, की आधीचे कागद त्या वाटेने जाऊ नका म्हणत होते? सिन्व्हिनाला असे काही पटवून देता आले नाही. या निकालावर ‘आता प्रक्रियेची पेटंटे संपली’ अशी ओरड होणे मला पटत नाही. इथे घटक ठाऊक होते, दिशा ठाऊक होती, आणि काम होईल ही अपेक्षाही कागदावर होती.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की ॲलरमधले ते एक वाक्य खटल्यातून सुटून मोकाट फिरू लागले. ‘सर्वसाधारण रूपरेषा ठाऊक असताना’ ही त्याची अट मागे पडली आणि ‘पट्टा शोधणे म्हणजे शोध नव्हे’ एवढेच उरले. ही चूक न्यायालयाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. १९७७च्या ‘अँटोनी’ प्रकरणात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या फिरत्या चकत्यांच्या यंत्रणेत टाकीचे आकारमान आणि चकत्यांचे क्षेत्रफळ यांचे एक गुणोत्तर अर्जदाराने ठरवले होते. परीक्षकाचे म्हणणे, हे ऑप्टिमायझेशन. न्यायालयाने विचारले, या गुणोत्तरावर शुद्धीकरण अवलंबून असते हे आधी कोणी ओळखले होते का? ओळखलेच नसेल, तर त्याचे ‘सर्वोत्तम मूल्य’ शोधायला कोण कशाला बसेल? १९८८च्या ‘ओफॅरेल’ निकालात हीच गोष्ट आणखी नेमकी झाली. ‘करून पाहायला काय हरकत’ असे वाटण्याचे दोन प्रकार तिथे वेगळे काढून दाखवले, ज्यांत शोध उघड ठरत नाही: एक, जिथे शेकडो चाके फिरवत बसायचे आणि कोणते महत्त्वाचे याचा इशाराच नाही, दुसरा, जिथे फक्त एक आशादायक दिशा आहे, पण नेमके काय करायचे याची कल्पना धूसर आहे.

२००७ मध्ये केएसआर निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही सर्वसाधारण कल्पकता असते. आणि उपायांची संख्या मर्यादित, ठाऊक आणि अंदाज येण्याजोगी असेल, तर ‘करून पाहणे उघड’ हा आधार चालेल. वाहनाच्या पेडलच्या खटल्यातला हा विचार रसायनशास्त्रात आणताना ‘मर्यादित’ आणि ‘अंदाज येण्याजोगी’ हे दोन शब्द सर्वांत आधी गळाले. एखाद्या प्रक्रियेत सहा घटक आहेत आणि प्रत्येकाच्या पाच पातळ्या तपासायच्या आहेत असे धरा. सगळ्या जुळण्या होतात १५,६२५. कोणीही एवढे प्रयोग करत नाही, हे मला मान्य आहे. संख्याशास्त्रीय आराखडे वापरून ते काही डझनांवर आणता येतात, आणि आता तर एका तबकडीवर ९६ अभिक्रिया एकाच वेळी लावणारी यंत्रे आहेत. विरोधकांचा हा मुद्दा बिनतोड आहे: जाणकाराची अवजारे सुधारली की ‘नेहमीचे’ या शब्दाचा घेरही वाढतो, आणि वाढलाच पाहिजे. पण आराखडा आखायला बसताना ते सहा घटक कोणते हे आधी लिहावे लागते. सातवा घटक त्या यादीतच नसेल तर यंत्र कितीही वेगाने चालले तरी तो सापडत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. प्रक्रिया-विकासाच्या प्रयोगशाळेत असताना एका नायट्रो संयुगाचे हायड्रोजनने अमाइनमध्ये रूपांतर करायचे काम आमच्याकडे होते. काचेच्या लहान भांड्यात पांढरे स्फटिक यायचे. मोठ्या भांड्यात गेलो की माल नारिंगी. आम्ही तापमान उतरवले. द्रावक बदलले. पॅलेडियमचा उत्प्रेरक दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवला. हायड्रोजनचा दाब वाढवला, मग कमी केला. नोंदवहीची पाने भरत होती आणि माल नारिंगीच राहिला. शेवटी एका सहकाऱ्याने ढवळणीचा वेग जवळजवळ दुप्पट केला, आणि गाळणीवर पांढरे स्फटिक उतरले. मोठ्या भांड्यात हायड्रोजन द्रवात पुरेशा वेगाने उतरत नव्हता. उपाशी राहिलेल्या उत्प्रेरकावर अर्धवट क्षपण झालेले रेणू एकमेकांना जोडून ॲझॉक्सी आणि ॲझो जातीची रंगीत संयुगे तयार होत होती. कळल्यावर प्रत्येक जण म्हणाला, अरे, वायू द्रवात उतरण्याचा वेग हा तर अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यातला विषय!

यावर पेटंट द्यायला हवे होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. आमच्या टेबलावर रासायनिक अभियंता बसलेला असता तर त्याने पहिल्याच दिवशी ढवळणीकडे बोट दाखवले असते, आणि अशा कामात जाणकार म्हणजे एकटा संश्लेषण करणारा रसायनज्ञ नसून एक जोडी असते असे मानणे योग्य आहे. पण त्या प्रसंगाने मला दुसरे काही शिकवले. नंतर जो अहवाल लिहिला गेला त्यात फसलेली पाने नव्हती. ‘ढवळणीचा वेग वाढवून शुद्धता सुधारली’ असे एक सरळ वाक्य होते. प्रयोगशाळेचे सगळे लेखन असेच असते. भटकणे पुसून टाकून रेघ सरळ केलेली. पेटंटाचा मजकूर तर त्याहून गुळगुळीत: ‘१४० ते २०० अंश, शक्यतो १६० ते १९०’. मागाहून वाचणाऱ्याला ती सरळ रेघच दिसते आणि तो म्हणतो, हे तर समोरच होते. वकील ज्याला मागाहूनचे शहाणपण म्हणून हिणवतात, त्याचा बराचसा पुरवठा आम्ही रसायनज्ञच करत असतो.

दुसऱ्या छावणीकडे वळतो, कारण तिचे दोष मला अधिक जवळून ठाऊक आहेत. ‘रसायनशास्त्र बेभरवशाचे’ हे विधान सरसकट खरे नाही. एस्टर बनवताना पाणी काढून टाकले की अभिक्रिया पुढे सरकते, हे बेभरवशाचे आहे का? उष्णता सोडणारी अभिक्रिया हळूहळू भर घालून थंड ठेवायची, यात कोणते रहस्य आहे? अनिश्चितता असते ती विशिष्ट ठिकाणी: उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर, स्फटिकाच्या रूपात, सूक्ष्मजीवाच्या नव्या जातीत. ती कुठे आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, आणि ती टाळली जाते. अपिलात ‘अनपेक्षित परिणाम’ म्हणून जे तक्ते येतात त्यांतली तुलना पुष्कळदा आधीच्या सर्वांत जवळच्या प्रक्रियेशी केलेली नसते. अर्जदाराने स्वतःच निवडलेल्या एखाद्या कमकुवत रूपाशी केलेली असते. दावा साठ अंशांच्या पट्ट्यावर आणि पुरावा एका तापमानाचा. असे अर्ज फेटाळले जातात तेव्हा मला वाईट वाटत नाही. तुलनेचे चार प्रयोग वेळेवर केले असते तर वाद इथवर आलाच नसता.

शिक्का मारून मोकळे होण्याची ही सवय जुनी आहे, आणि ती मोडावी लागल्याची उदाहरणेही जुनी आहेत. जर्मनीच्या १८७७च्या कायद्यात रासायनिक पदार्थाला पेटंट नव्हते, फक्त प्रक्रियेला होते. १८८४ मध्ये पॉल बॉटिगरने काँगो रेड या रंगाच्या प्रक्रियेचे पेटंट मागितले: बेंझिडीनचे डायॲझो रूप नॅफ्थिओनिक आम्लाशी जोडून. जोडण्याची ही पद्धत रंगांच्या धंद्यातल्या प्रत्येक रसायनज्ञाला पाठ होती. मग शोध कुठला? पण हा रंग सुतावर थेट बसत होता. आधी सूत तुरटीसारख्या बंधकात बुडवायची गरज नव्हती. १८८९ मध्ये साम्राज्य न्यायालयाने पेटंट टिकवले: पद्धत ठाऊक असली तरी तिच्यातून नव्या तांत्रिक मूल्याचे काही निघाले, तर प्रक्रिया शोध ठरू शकते. याची किंमतही पडली हे नाकारता येत नाही. त्या तत्त्वाच्या आडोशाने मोठ्या रंग-कंपन्यांनी पेटंटांचे दाट कुंपण उभारले. तरी न्यायालयाने प्रश्न बरोबर विचारला होता. अमेरिकेत हाच घोळ शंभर वर्षांनी पुन्हा झाला. १९८५च्या ‘डर्डन’ प्रकरणात सुरुवातीचे संयुग नवे, शेवटचेही नवे, दोन्ही पेटंटयोग्य, पण मधली अभिक्रिया ओळखीच्या प्रकारची म्हणून प्रक्रिया उघड ठरली. परीक्षकांनी त्याचा नियमच बनवला. दहा वर्षांनी ‘ओचिआई’ प्रकरणात, सेफॅलोस्पोरिन जातीच्या प्रतिजैविकाच्या प्रक्रियेवर, फेडरल सर्किटने तो मोडला. जे आम्ल कोणाला ठाऊकच नव्हते ते वापरणे कोणाला कसे सुचले असते? उघडपणाचे तयार साचे नाहीत, प्रत्येक दाव्याचे तथ्य वेगळे पाहा, असे न्यायालयाने बजावले.

अपिलाच्या पातळीवर हे सगळे अधिक निकडीचे होते. उघडपणा हा शेवटी कायद्याचा प्रश्न असला तरी त्याखालची तथ्ये मंडळ ठरवते, आणि पुरेसा पुरावा असेल तर वरचे न्यायालय त्यांना हात लावत नाही. हे मानक २००० साली ‘गार्टसाइड’ प्रकरणात पक्के झाले, तेही योगायोगाने हायड्रोकार्बन फोडण्याच्या प्रक्रियेच्याच वादात. म्हणजे मंडळाने ‘हे नेहमीचे’ असा एक शब्द लिहिला आणि त्यामागे साक्षीदाराचे एक वाक्य असले, की तो शब्द वर जाईपर्यंत दगड होऊन बसतो. म्हणून त्या शब्दाची फोड मंडळातच व्हायला हवी. कोणते प्रयोग, किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या कागदाच्या आधारे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळांनी १९८४च्या टी २/८३ निर्णयात याच अंगाने विचारले होते: जाणकार हे करू शकला असता का, हे पुरेसे नाही, सुधारणेच्या अपेक्षेने त्याने ते केले असते का?

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: दीर्घ चाचण्या करून सापडलेली गोष्ट म्हणजे नुसते कष्ट, शोध नव्हे. अमेरिकी कायद्याने याचे उत्तर १९५२ मध्येच देऊन ठेवले आहे. १९४१च्या ‘क्युनो’ निकालाने शोधासाठी प्रतिभेची ठिणगी मागितली होती. कलम १०३च्या शेवटच्या वाक्याने सांगितले की शोध कसा लागला यावरून पेटंटयोग्यता नाकारली जाणार नाही. आल्विन मिटाशने बीएएसएफ या जर्मन रसायन-कंपनीत अमोनियाचा उत्प्रेरक शोधताना हजारो मिश्रणे तपासली. एकेक चाचणी पाहिली तर कंटाळवाणी. पण शुद्ध लोखंड पुन्हा पुन्हा निराश करत असताना थोडे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि पोटॅश मिसळलेले लोखंड टिकून राहते, हे कोणत्या कागदात लिहिले होते? कष्टांनी शोध सिद्ध होत नाही, हे खरे. कष्टांनी तो बुडतही नाही.

याच अमोनियाच्या निमित्ताने १९१२च्या मार्चमध्ये लाइपझिगच्या न्यायालयात जे घडले, ते अशा प्रत्येक अपिलाच्या वेळी माझ्या मनात येते. होएक्स्ट कंपनीने फ्रिट्झ हाबर या रसायनज्ञाच्या, उच्च दाबाखाली अमोनिया बनवण्याच्या पेटंटला आव्हान दिले होते. युक्तिवाद भक्कम होता. दाब वाढवला की नायट्रोजन आणि हायड्रोजनचा तोल अमोनियाकडे झुकतो हे ल शातेलिएच्या तत्त्वातूनच निघत होते. खुद्द ल शातेलिएने १९०१ मध्ये प्रयत्न केला होता आणि स्फोटानंतर सोडून दिला होता. वाल्टर नेर्न्स्ट या रसायनज्ञाने हाबरच्या आधी दाबाखाली मोजमापे केली होती. घटक ठाऊक, दिशा ठाऊक. माझ्या तीन प्रश्नांपैकी दोन होएक्स्टने जिंकले होते. उरला तिसरा: काम होईल ही अपेक्षा होती का? न्यायालयात नेर्न्स्ट हाबरच्या हातात हात घालून आला आणि त्याने पेटंटाच्या बाजूने साक्ष दिली. पेटंट टिकले. त्याआधी हाबरच्या पेटंटामागे उभ्या असलेल्या बीएएसएफने नेर्न्स्टशी मानधनाचा करार केलेला होता.

त्या साक्षीचे मोल किती धरायचे यावर लोक आजही वाद घालतात, पण मला तिची गरजच वाटत नाही. पाच वर्षे आधी, १९०७ मध्ये, हाम्बुर्गला बुन्झेन सोसायटी या रसायनज्ञांच्या संस्थेच्या सभेत याच नेर्न्स्टने सर्वांसमोर हाबरचे आकडे चुकीचे ठरवले होते आणि म्हटले होते की अमोनियाचे प्रमाण समजले जात होते त्याहून खूपच कमी निघते, ही खेदाची गोष्ट आहे. नाहीतर या मूलद्रव्यांपासून अमोनिया करण्याचा विचार करता आला असता. तेव्हा पेटंट नव्हते, खटला नव्हता, करार नव्हता. त्या क्षेत्रातला सर्वांत मोठा जाणकार, सर्वसाधारण जाणकाराच्या कितीतरी वरचा माणूस, दिशा ठाऊक असूनही आशा सोडून बसला होता, आणि ते इतिवृत्तात छापलेले होते. मंडळापुढे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आपापली शपथपत्रे घेऊन उभे राहतात तेव्हा मी आधी तसले इतिवृत्त शोधायला लावीन.